नवनाथच्या गिटारची चिरचिर

सिल्वासाजवळ मसाटच्या ज्या कारखान्यात नवनाथ कामाला होता, तिथे त्याच्या खात्यात माणसं तोंडाने बोलत नसत. धाग्याला पीळ देणारी यंत्रं रांगेने उभी असायची, एकेका यंत्रावर दोन-दोनशे चात्या, आणि सगळ्या एकदम कानठळ्या बसवत फिरायच्या. तंबाखू हवी असेल तर तळहातावर अंगठा चोळून दाखवायचा. सुपरवायझर येत असेल तर कॉलरला हात लावायचा. शहाद्याजवळच्या आपल्या गावातून १९८५ साली तो इथे आला तेव्हा पहिले आठ दिवस त्याचं डोकं भणभणत राहिलं. मग सवय झाली. निदान त्याला तसं वाटलं. खरं तर तेव्हापासूनच त्याचे कान जायला लागले होते, पण ते कळायला सात वर्षं लागली.

गिटार त्याच्या आयुष्यात आली ती रघुनाथ साळव्यांमुळे. साळवी मूळचे राजापूरकडचे, सिल्वासाच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क. सरकारी क्वार्टर्सच्या गणपतीत त्यांनी एकदा खुर्चीवर बसून गिटारवर एक संथ चाल वाजवली. नवनाथ मागे खांबाला टेकून उभा होता. दिवसभर त्या खोलीभर आवाजात वावरणाऱ्या माणसाला तो एकेक सुटा सूर फार बरा वाटला. दुसऱ्या दिवशी तो थेट त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"साहेब, मला शिकवाल का?"

साळव्यांनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "साहेब ऑफिसात. इथे भाऊ म्हण. रविवारी सकाळी ये, आणि नखं कापून ये."

कामावरचा एक मुकादम गाव सोडून चालला होता, त्याची जुनी गिटार नवनाथला मिळाली. पहिल्याच रविवारी साळव्यांनी त्याच्या हातून ती काढून घेतली आणि सहाही तारांवर पंजा पसरून ठेवला.

"हे बघ. तू एक तार वाजवतोस तेव्हा बाकीच्या पाच गप्प ठेवायच्या असतात. त्या आपणहून गप्प बसत नाहीत. शेजारची हलली की त्याही हलतात. सूर काढायला कोणीही शिकतो. मी तुला आधी गप्प बसवायला शिकवणार."

आणि तसंच शिकवलं. उजव्या तळव्याची कड जाड तारांवर हलकी टेकवायची. डाव्या हाताचं पहिलं बोट जरा आडवं ठेवायचं, म्हणजे खालच्या बारीक तारा त्याच्या पोटाखाली दबतात. सूर संपला की बोट झटकन उचलायचं नाही, नाहीतर मोकळी तार उगाच वाजून उठते. आधी दाब सोडायचा, तारेला नुसतं शिवून राहायचं, ती शांत झाली की मगच निघायचं. नवनाथचा हात चांगला होता. चात्यांवर तुटलेला धागा चिमटीत पकडायची सवय होती त्याला.

दोन वर्षांनी किलवणी नाक्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्या गजाननने त्याला आपल्या ऑर्केस्ट्रात घेतलं. लग्नं, स्वागत समारंभ, गणपती, कंपन्यांची स्नेहसंमेलनं. गिटारला तिचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा पिकअप चिकटवला, स्पीकर आले. नवनाथचं लग्नही त्याच सुमारास झालं. बायको प्रमिला, शिरपूरकडची. तीही गलोंड्याला एका युनिटमध्ये बॉबिन पॅक करायला जाऊ लागली. आमलीच्या चाळीतल्या त्या एका खोलीत दोघं दमून यायची आणि दमलेलीच निघायची.

१९९२ च्या उन्हाळ्यात गजाननने त्याला दुपारी स्टुडिओत बोलावलं. ड्रम वाजवणारा ललित आधीच येऊन बसला होता. गजाननने टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. नारोलीच्या लग्नातला कार्यक्रम होता तो. नवनाथने आपला तुकडा ऐकला. बरा वाजला होता.

"ऐकलंस?" गजानन म्हणाला.

"काय?"

"अरे, काय म्हणजे काय? प्रत्येक दोन सुरांच्या मध्ये चिर, चिर! पाटीवर खिळा ओढल्यासारखं. पाहुणे वळून बघत होते."

त्याने कॅसेट मागे नेऊन परत लावली. नवनाथ टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ वाकला. सूर येत होते. त्यांच्या मध्ये काही नव्हतं. त्याने ललितकडे पाहिलं. ललितने ओठ मुडपून मान खाली घातली होती, म्हणजे त्याला ऐकू येत होतं.

"आता आलं का ध्यानात?"

"हो," नवनाथ खोटंच म्हणाला. "आता आलं."

घरी आल्यावर त्याने प्रमिलाला समोर बसवलं. ती तांदूळ निवडत होती. त्याने तीच चाल वाजवली.

"काही वाकडं येतं का मध्ये?"

"चिरचिर व्हस ना," ती सुपातून मान वर न काढता म्हणाली.

"कधीपासून?"

"वरीसभर तरी व्हयनं. माले वाटनं, गिटार अशीच वाजस." मग जरा थांबून ती म्हणाली, "कुकरनी शिट्टी बी तुमले ऐकू येस नही. ते बी माले ठाऊक शे."

नवनाथने गिटार खाली ठेवली. तिच्यावर रागवावं असं त्याला क्षणभर वाटलं, पण रागवायलाही अंगात काही उरलं पाहिजे. तो भिंतीला टेकला आणि तिच्या हातातले तांदूळ बघत राहिला.

वापीच्या डॉक्टरने कानांना हेडफोन लावून आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. जाड आवाजांना नवनाथचं बोट वर गेलं. मग बराच वेळ गेलंच नाही. शेवटी डॉक्टरने स्वतः हेडफोन काढला. "उंच पट्टीचे आवाज गेलेत. मशिनजवळ काम करता ना? परत येणार नाहीत ते. आहेत ते तरी जपा. कापूस घाला, नाहीतर काम बदला." काम बदलणं डॉक्टरच्या हातात नव्हतं आणि नवनाथच्याही. पॅकिंग खात्यात बदली मिळावी म्हणून त्याने अर्ज केला. सुपरवायझरने तो घडी घालून खिशात ठेवला.

नवनाथने साळव्यांना सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "भाऊ, जे ऐकूच येत नाही ते थांबवायचं कसं?"

साळव्यांनी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याच्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाले, "डोळे मीट. बोट जाड तारेवर ठेव आणि घासत पुढे ने. काय लागतं?"

जाड तारांवर दुसऱ्या बारीक तारेचं वेटोळं असतं, बोट त्यावर घासलं की चिरचिर होते. "खरखर लागते," नवनाथ म्हणाला. "पण पुसट. बोटं मेलीत माझी."

त्याच्या बोटांना धाग्याने कापून कापून घट्टे पडले होते, त्यांवर तारांचे घट्टे चढले होते.

"मग आधी बोटं जिवंत कर. ती खरखर हाताला लागली की समजायचं, आवाज झाला. कानाला विचारायचंच नाही. आणि सरकायचं असेल तेव्हा दाब सोड, तारेला गप्प कर, बोट सरळ वर उचल, हवेतून ने, आणि वरून खाली ठेव. ओढायचं नाही."

नवनाथ रोज आंघोळीच्या वेळी पाय घासायच्या दगडाने बोटांची टोकं घासू लागला. मोरीतून बाहेर येताना ती लाल झालेली असत. दुसऱ्या दिवशी धागा लागला की आग व्हायची.

प्रमिलाला त्याने नवं काम लावलं. संध्याकाळी ती गलोंड्याहून आली, चहा झाला, की तो वाजवायला बसायचा आणि ती भाजी चिरता चिरता ऐकायची. चिरचिर आली की तिने बोट वर करायचं. पहिल्या महिन्यात तिचं बोट खाली येतच नव्हतं. भाजी राहून जायची.

"जरासा दम धरा ना," ती वैतागून म्हणायची. "मना हात दुखी राहिना."

बोट वर गेलं की तो थांबायचा, त्या हालचालीत आपल्या हाताला काय लागलं होतं ते आठवायचा, आणि पुन्हा तीच जागा वाजवायचा. एकेका जागेवर आठवडे गेले. चालीतली गोडी केव्हाच संपली होती. उरलं होतं ते नुसतं काम, कारखान्यातल्यासारखंच. मध्येच तो बंद करायचा आणि म्हणायचा, झालं, आता नाही. दोन दिवसांनी परत काढायचा. का काढतो ते त्याला सांगता आलं नसतं. चाळीतली सरुबाई एकदा दारात उभी राहून म्हणाली, "काय रे नवनाथ, आठ दिवस झाले, तेच तेच वाजवतोस, पुढचं येत नाही काय?" तो नुसता हसला.

एका संध्याकाळी त्याने अख्खी चाल वाजवली आणि प्रमिलाचं बोट एकदाही वर गेलं नाही. त्याने आनंदाने मान वर केली. ती भिंतीला डोकं टेकून झोपली होती. समोर विळी तशीच, अर्धा दुधी तसाच. त्याने विळी हळूच बाजूला केली आणि गॅसवर भात चढवला. कुकरची शिट्टी झालेली कळत नाही म्हणून झाकणाच्या वाफेकडे बघत उभा राहिला.

दीड वर्ष लागलं. १९९४ च्या सुरुवातीला त्याने ललितला घरी बोलावून वाजवून दाखवलं. ललितने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "साफ आहे. एकदम साफ." पण त्याचा चेहरा खुलला नाही. मग त्याने सांगितलं, की गजाननने मुंबईहून कीबोर्ड आणला आहे. त्यात ठेके आहेत, बासरी आहे, गिटारही आहे. बटण दाबलं की झालं.

नवनाथ स्टुडिओत गेला तेव्हा गजाननने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता तो. "बघ, तुला बोलावणार नाही असं नाही. पण आता पार्टीला हेच लागतं. आणि खरं सांगू का, हा चिरचिरत नाही." बोलून गेल्यावर तो ओशाळला. नवनाथने चहा संपवला. मी आता चिरचिरत नाही, हे सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, पण समोर बटणांची ती लांब पाटी होती, आणि त्याला एकदम फार थकवा आला. "बरं आहे," म्हणून तो उठला.

त्याच वर्षी जूनमध्ये साळवी निवृत्त झाले. रविवारी सकाळी क्वार्टर्सच्या हॉलमध्ये निरोप समारंभ होता, नवनाथ प्रमिलाला घेऊन गेला. शाल झाली, नारळ झाला, दोन भाषणं झाली. मग साळव्यांनीच नवनाथला पुढे बोलावलं. "माइक नको," ते म्हणाले. "पंखे बंद करा जरा."

पंखे थांबले तसा हॉल अगदी शांत झाला असावा. नवनाथला त्यातला फरक फारसा कळला नाही. घामाने बोटं ओली होती, त्याने ती शर्टाला पुसली आणि सुरुवात केली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. सूर त्याला दुरून, रजईतून आल्यासारखे येत होते. बोट उचल, हवेतून ने, ठेव. तिसऱ्या ओळीत करंगळी खाली येताना घसरली आणि वेटोळ्याच्या बारीक कडा त्याला कातडीवर स्पष्ट लागल्या. तो थांबला नाही. शेवटचा सूर संपल्यावर त्याने सहाही तारांवर हात ठेवला आणि त्या पुरत्या शांत होईपर्यंत काढला नाही.

टाळ्या झाल्या. साळवी त्याच्याजवळ आले, कानाशी वाकले. "छान. एकदाच घसरलास."

"माहीत आहे, भाऊ. तिसऱ्या ओळीत. करंगळी."

साळवी त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला, बोटांची टोकं अंगठ्याने चाचपली, आणि तो तसाच धरून ठेवला. मागे कोणी तरी बटाटेवड्यांच्या बशा वाटत होतं. नवनाथला पोटभर खावंसं वाटत होतं, पण दोनची पाळी होती. त्याने दोन वडे कागदात बांधून घेतले आणि प्रमिलाला म्हणाला, "तू थांब निवांत." तीही उठलीच.

पॅकिंगची बदली अखेर १९९७ मध्ये मिळाली. तिथे माणसं बोलतात, पण नवनाथला तोंडाकडे बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून ती त्याच्याशी कमी बोलतात. सर्वांत बारीक तारेचा सूरही आता त्याला येईनासा झाला आहे. रविवारी तो वाजवतो ते बहुतेक जाड तारांवर. प्रमिला कधी ऐकते, कधी शेजारी जाऊन बसते. मध्ये एकदा ती म्हणाली, बारीक तारेवरचंही वाजवत जा, मला ते आवडतं. त्याने मान डोलावली. तेव्हापासून शेवटची एक चाल तो तिच्यासाठी त्या तारेवर वाजवतो, बोटांच्या भरवशावर.