पदराच्या गाठीतल्या गोळ्या

बाळांनो, सकाळी रक्तदाबाची गोळी तळहातावर घेतली की अड्याळकडची ती शेणाने सारवलेली ओसरी आठवते. हत्तीपायावर संशोधन करायला दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञांचे फॉर्म मी भरत होते. हा रोग टाळायच्या गोळ्या गावातल्या सगळ्यांनी आमच्यासमोरच गिळायच्या असत. खांबासारखा पाय सुजलेल्या एका बाईने आपल्या गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या. "खा ना, माय!" मी म्हटलं. "माहा पाय तं गेला, बाई. पोरीले देतो. ते धानाच्या रोवण्यावर हाय. तुमी उद्या येता का परत?" आम्ही येणार नव्हतो. मी तिचं म्हणणं फॉर्मच्या समासात लिहिलं. "समास कॉम्प्युटरमध्ये जात नाही," म्हणत दिल्लीच्या साहेबांनी ‘नकार’वर खूण केली. देशाचं धोरण अशाच फॉर्मांवरून ठरणार होतं. बाळांनो, मी वाद घातला नाही, थकले होते. त्या पोरीचा पाय कसा असेल, हे गोळी गिळताना रोज मनात येतं.