सासूमियाँची थप्पड

सासूमियाँनी उभ्या आयुष्यात हजारो थपडा मारल्या आणि त्यांतली एकही कुणाच्या गालाला लागली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे. ते गेल्यापासून त्यांच्याविषयी जे सांगितलं जातं ते खोटं आहे, आणि ते सांगणारी माणसं त्यांच्याच ताटात जेवलेली आहेत.

त्यांचं खरं नाव फक्त पासपोर्टवर होतं. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून निघालेले हे तिघे: थोरले सासूमियाँ, धाकटा भाऊ हसन आणि मेहुणा कासम. कोकणात आणि घाटावर तंबूतले सिनेमे लागत. मशीन एकच असल्यामुळे रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि लोक शिट्ट्या मारायचे. तेवढ्या वेळात कंदिलाच्या उजेडात हे तिघे पडद्यापुढे यायचे. कासम सून, हसन बायकोच्या मुठीतला मुलगा आणि सासूमियाँ सासू. आईचं जुनं लुगडं, गालात पान, कमरेला चाव्या. सासू मुलाला थप्पड मारायची आणि तंबू डोक्यावर घेतला जायचा.

ती थप्पड हीच त्या घराची विद्या. सासूमियाँचा पंजा गालापासून बोटभर अंतरावरून जाई. त्याच क्षणी हसन तोंड फिरवत पोटाशी धरलेल्या स्वतःच्या हातांची टाळी वाजवी. आवाज मारणाऱ्याचा नव्हे, खाणाऱ्याचा. "मारनेवाला तो कोई भी मिलेगा मास्तर," ते मला म्हणायचे, "खाणारा घरातलाच लागतो."

मला ते मास्तर म्हणत, कारण खोलीत पुस्तकं फक्त माझ्याकडे होती. आमची गाठ पडली ती पुढे, आखातातल्या देरा बंदरात; मी तिथल्या एका पेढीत टायपिस्ट होतो आणि ते धक्क्यावर गलबतांतून उतरणाऱ्या मालाच्या वखारीत होते. एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. भांडी कुणी घासली नाहीत की कोपऱ्यातून सासूचा आवाज निघे: "वाह रे वाह! मेरे घर में पाच सुना, आणि एकीला पण राख सापडत नाही?" रागावताना मी त्यांना पाहिलं ते एवढंच. बाकीचा राग मीच करायचो.

राग करण्यासारखं पुष्कळ होतं. मुंबईच्या एका सिनेमावाल्याने त्यांचा खेळ पाहिला आणि तो जसाच्या तसा आपल्या चित्रपटात उचलला. हसनला घेतलं. सासूसाठी मात्र एक नटी आणली. सासूमियाँना ठेवून घेतलं ते तिला शिकवायला. पान कोणत्या गालात धरायचं, वळताना चाव्या कशा वाजवायच्या, हे सगळं त्यांनी तिला दिलं. बाई तयार झाली आणि मग यांचं काम खलास. पडद्यावर त्यांचं नावसुद्धा नाही. हे सांगताना ते सुरमईला मसाला लावत होते. "कॅमेऱ्याला माझी मिशीची जागा दिसते म्हणाले. बरोबर पण हाय. दिसत असेल."

"आणि हसन? तो काही बोलला नाही?"

"त्याला कामाला घेतला होता मास्तर, वकिलीला नाही."

देऱ्यात तेव्हा उघड्यावरचा सिनेमा होता. वाळूत बाकं मांडलेली, बाजूला जनरेटरची घरघर, आणि इथेही मशीन एकच. शुक्रवारी रीळ बदलताना सासूमियाँ एकटेच लुगडं नेसून पुढे येत. गर्दीतल्या एखाद्या हमालाला मुलगा करायचे, पण आधी त्याला बाजूला घेऊन बजावायचे, "पहिला आवाज शीक, मग गाल दे." धक्क्यावरची माणसं पोट धरून हसायची. सर्वांत मोठ्याने हसायचे आमच्याच कोकणातले एक शेठ. त्याच शेठच्या घरी एक निकाह होता. साक्षीदार म्हणून कुणीतरी सासूमियाँचं नाव घेतलं तेव्हा शेठ म्हणाले, "बायकांचं लुगडं नेसणाऱ्याची साक्ष कशाला?" अख्ख्या मांडवाने ऐकलं. सासूमियाँ हात जोडून म्हणाले, "सही बात है शेठ. सासू साक्षीला बसली तर नवरा बोटीत बसून पळून जाईल." मांडव हसला, शेठही हसले. मला त्या हसण्याची शिसारी आली. ज्याचा अपमान केला त्याच्याकडूनच त्यांनी वर करमणूक करून घेतली होती.

मग हसन आला. तोवर तो पडद्यावरचा नामांकित विनोदी नट झाला होता. तो शेठकडे उतरला आणि उघड्या सिनेमात त्याचा खास खेळ ठरला. सासूमियाँनी लुगडं स्वतः धुतलं आणि गच्चीवर वाळत घालून राखणीला बसले. हसनसोबत पुन्हा एकदा उभं राहायचं, आणि तेही या लोकांसमोर, एवढं एकच त्यांना हवं होतं.

"भाईजान, तुम्ही पुढच्या रांगेत बसा ना. पाहुणे म्हणून," हसन म्हणाला.

"मी बसायला नाही आलो रे. एकदा. फक्त एकदा. फिर नहीं बोलूंगा."

हसन कबूल झाला.

त्या संध्याकाळी बसायला जागा नव्हती. लोक भिंतीवर चढले होते. चाव्या वाजवत सासूमियाँ आले आणि टाळ्यांचा गजर झाला. त्यांनी हसनला आपादमस्तक न्याहाळलं, पानाचा तोबरा दुसऱ्या गालात सारला आणि हात फिरवला.

आवाज आलाच नाही.

मी पहिल्या रांगेत होतो. हसनचे हात मांड्यांशी सरळ लोंबत होते. त्याने तोंड फिरवलं होतं, चेहरा वेडावाकडा केला होता, सगळं व्यवस्थित केलं होतं. पण इतकी वर्षं तो सिनेमात होता, आणि तिथे थपडेचा आवाज मागाहून भरतात. टाळी त्याच्या हातांतूनच गेली होती. सासूमियाँनी पुन्हा हात उचलला. त्यांची नजर हसनच्या हातांवर होती. हसनला काहीच उमगेना. तो दातांतून पुटपुटला, "भाईजान, खरी मारा ना!"

उचललेला हात त्यांनी हळूहळू खाली आणला. एक खरी थप्पड बसली असती तर त्यांची लाज राखली गेली असती. पण हसनला त्यांनी लहानाचं मोठं केलं होतं आणि त्याला बोट लावलं नव्हतं. मागून कुणीतरी घाई करत ओरडलं, "यल्ला, अम्मा, खाना नहीं खाया क्या?" तेवढ्यात हसन लोकांकडे वळला, हात पसरले आणि म्हणाला, "क्या करें, अम्मा बुड्ढी हो गई! हाथ में जान नहीं!"

सगळं मैदान हसलं. सासूमियाँनी पदर सावरून सलाम केला आणि ते पडद्यामागे गेले.

घरी येताना मी तणतणत होतो. चूक कुणाची ते उद्या बाजारात सांगा, म्हणत होतो. ते म्हणाले, "त्याचं नाव झालंय मास्तर. त्याला कशाला डाग?" तुमच्या नावाचं काय, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी लुगड्याचं बोचकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

त्यानंतर ते पडद्यापुढे कधी उभे राहिले नाहीत. शुक्रवारी रीळ बदललं की लोक हाका मारायचे आणि ते खोलीत तांदूळ निवडत बसायचे. पुढच्या उन्हाळ्यात तापाने गेले. भांड्यांवरून ओरडायला कुणी उरलं नाही.

काही आठवड्यांनी हसन बोटीने आला. शेठच्या घरी सासूमियाँच्या नावाने फातिहा पढला गेला, मग जेवण. बिर्याणीची ताटं मांडली गेली तसे लोक सैलावले. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणालं, "हसनभाई, वो अम्मावाला किस्सा सुनाओ." आणि हसनने सांगितला. नक्कल करून, हात लुळा पाडून. सगळे हसले. शेठनी तर डोळे पुसले.

चारचौघांत बोलणं माझ्या स्वभावात नाही. पण मी विचारलं, "हसन, त्या दिवशी टाळी कुणी वाजवायची होती?"

हसनने हातातला घास ताटात ठेवला.

"मी," तो म्हणाला. "पडद्यापुढून हलायच्या आधीच लक्षात आलं होतं माझ्या. पण मास्तर, ते सांगून हसणार कोण?"

मी हात धुऊन बाहेर पडलो. जिना उतरेपर्यंत वरून आवाज ऐकू येत होता. कुणीतरी हसनला आग्रह करत होतं, आणखी एक होऊन जाऊ दे.