पोट आत, छाती बाहेर

फौजेत सतरा वर्षं काढून मी हवालदार म्हणून घरी आलो, पण हवालदारकी काही सुटली नाही. पोलादपूरच्या वर आमची वाडी. घरटी एकजण तरी फौजेत. भरतीची तयारी करणारे सकाळी आंबेनळी घाटाच्या चढाला पळतात आणि आम्ही पेन्शनवाले वळणावर घड्याळ घेऊन उभे राहतो. कुणाचं पोट सुटलेलं दिसलं की मी तिथूनच ओरडायचो, पोट आत, छाती बाहेर. माझ्या आवाजाला घाटातली माकडंसुद्धा वचकतात असं लोक म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

त्या वर्षी माझा मुलगा महिन्याच्या सुट्टीवर आला तो तोंड पाडूनच. तोही फौजेत. युनिटच्या दौडीत दोनदा श्वास अडकून मध्येच बसला होता. आधी दमा म्हणून पंप दिला, त्यानं काडीचा फरक पडेना. मग मिलिटरी हॉस्पिटलात नाकातून नळी घालून गळा तपासला. फुप्फुसं धडधाकट होती. श्वास आत घेताना गळ्यातले स्वरतंतू उघडायचे, ते याचे मिटतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत गेल्यावर पुन्हा पाच किलोमीटर पळायचं होतं. या वेळी थांबला तर मेडिकल कॅटेगरी खाली जाणार आणि बढती हुकणार.

मी म्हटलं, गळ्यानं कोण पळतं? मला ते सरळसरळ सोंग वाटलं. आज सांगताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. हॉस्पिटलातल्या एका बाईंनी त्याला श्वासाचे धडे दिले होते. तो ओटीवर बसून पोट फुगवत नाकानं श्वास घ्यायचा आणि शहाळ्याच्या नळीतून हळूहळू फुंकायचा. येणारे-जाणारे बघायचे. मी त्याला माजघरात पिटाळलं. फौजी माणूस चारचौघांत पोट फुगवून बसतो म्हणजे काय.

आठवडा उरला तेव्हा मीच त्याला चढावर पळायला काढलं. सूनबाई मागोमाग निघाली, मी नको म्हटलं तरी. वळणावर माझे सोबती होते. हा खालून येताना दिसला, पोट ढिलं, खांदे सैल. माझं डोकं सटकलं आणि मी ओरडलो. त्यानं तिथल्या तिथे पोट आत ओढलं, छाती ताणली. वीस पावलं गेला नसेल, श्वास ओढताना त्याच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तो कठड्याला धरून वाकला. ओठ पांढरे पडले होते.

मी धावलो. त्याच्या खिशातला पंप काढून तोंडात कोंबला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. छाती काढ, ताठ हो, श्वास घे, माझा तोंडाचा पट्टा चालूच. जितका मी ओरडत होतो तितकी ती शिट्टी बारीक होत होती. पोरगा माझ्यादेखत हातचा जातोय असं वाटत होतं, तरी तोंड थांबेना.

एरवी माझ्यापुढे दोन शब्दांवर तिसरा न बोलणारी सूनबाई पुढे आली आणि तिनं मला बाजूला सारलं.

"आबा, तुम्ही आधी गप बसा."

मी पंप खिशात घातला. तिनं त्याचा हात त्याच्याच पोटावर ठेवला. फुलाचा वास घ्यावा तसं नाकानं दोनदा हुंगायला लावलं, मग दातांतून हवा सोडायला. पुन्हा तेच. तिला सगळं पाठ होतं, माजघरात रोज त्याच्याबरोबर तीच बसायची. पाच मिनिटांत शिट्टी थांबली. माझे सोबती दरीकडे बघत उभे होते.

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी मी घड्याळ घरी ठेवून त्याच्याबरोबर गेलो. त्याच वळणावर शिट्टी पुन्हा सुरू झाली. ओरडायला माझं तोंड उघडलंच होतं. ते मिटलं, जवळ गेलो, त्याच्या पोटावर हात ठेवला.

"पोट सोड, बाळा."

त्यानं सोडलं. श्वास आला. मग तो वरच्या टपरीपर्यंत न थांबता पळून परत आला. कठड्यावर बसून घाम पुसत, माझ्याकडे न बघता बोलला.

"आबा, तिकडं दौडीत पण मला तुमचाच आवाज येतो. पोट आत. तो आला का गळा मिटलाच. रागवू नका, पन हाय ते हाय."



दौडीच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. पोट सोड एवढंच म्हटलं आणि ठेवला. मग त्याची ती शहाळ्याची नळी शोधली, ओटीवर बसलो आणि पोट फुगवत फुंकत राहिलो. येणारे-जाणारे बघत होते. एकानं विचारलं, हवालदार, हे काय चाललंय? म्हटलं, पोरगा पळतोय.

दुपारी फोन वाजला. "आबा, पुरी पळालो," तो म्हणाला. बरं, एवढंच मी म्हटलं आणि फोन सूनबाईकडे दिला. आणखी बोललो असतो तर आनंदातही माझा आवाज चढला असता, आणि तो त्याच्या कानात आता नको होता.