ऑपरेटरबाईंची चार्जिंगची खोली

ऑपरेटरबाईंना काहीही सांगितलं की त्या ते आपल्यालाच परत ऐकवायच्या. "बाई, उद्या दूध नको," म्हटलं की म्हणायच्या, "उद्या दूध नको. बरोबर?" आणि आपण 'बरोबर' म्हणेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती. पलीकडच्यानं सांगितलेला नंबर त्यालाच परत ऐकवून पक्का करायचा आणि मगच जोडायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. कॉलनीतले लोक हसायचे. मीही हसायचे. पण 'बरोबर' म्हणायच्या आधी आपण काय बोललो याचा विचार करावा लागायचा, आणि तिथेच बरेच जण अडखळायचे.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका जुन्या कॉलनीत त्यांचं दुमजली घर होतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक पुण्याला. खाली बाई आणि वरच्या खोलीत मी भाडेकरू. मी मूळची सटाण्याकडची. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून नाशिकला आले होते आणि पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेत होते. गुडघा बदललेल्या आजी, अर्धांगवायूनं एक बाजू गेलेले आजोबा. निम्मी घरं पंचवटीतल्या गल्ल्यांत. म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. बॅटरी काढून घरात नेता येते, म्हणून मुद्दाम तीच पसंत केली होती.

पहिल्या आठवड्यातच बाई एकदा गुडघे धरत जिना चढून वर आल्या. वाळलेले कपडे द्यायला आले म्हणाल्या, पण नजर खोलीभर फिरली. बॅटरी दाराशेजारी जमिनीवर होती, एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जिंगला लावलेली. वर माझा ओला टॉवेल वाळत होता.

"ही रोज इथेच असते?"

"हो. तिथेच प्लग आहे ना."

"खोलीला दारं किती?"

"एकच."

"दार एकच आणि बॅटरी दारात. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मलाच ते ऐकू आलं.

"मग हिनं पेट घेतला तर तू कुठून पळणार? गॅलरीतून उडी मारणार?"

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून स्कूटरबरोबर आलेलं पुस्तक मागून नेलं. मी ते कधी उघडलंही नव्हतं. बाईंनी भिंग घेऊन ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. एक्स्चेंजच्या तळमजल्यावर बॅटरी रूम होती. लांबच लांब रांगांमध्ये काचेच्या बॅटऱ्या, भिंतीवर मोठा पंखा, दारावर लाल पाटी. तिथले नियम त्यांना पाठ होते. पण ते सगळं इथे लागू पडत नाही, हेही त्यांनी लगेच मान्य केलं. "त्या शिशाच्या होत्या. ही लिथियमची, हिचा स्वभाव वेगळा. नवीन माणूस घरात आलं की त्याचा स्वभाव शिकून घ्यावा लागतो. तुझाही घेतेय."

मागच्या अंगणात विटांचं एक जुनं न्हाणीघर होतं. घरापासून सुटं, वर पत्रा, दोन बाजूंना झरोके. त्यात त्यांनी वर्षानुवर्षांची रद्दी, लाकडी खोकी आणि मोडका पाळणा साठवून ठेवला होता. दोन दिवसांत त्यांनी ते रिकामं केलं. पाळणा भंगारवाल्याला देताना थोडा वेळ त्याच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "ने बाबा लवकर." वायरमन बोलावून मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढून घेतली, मोठा प्लग बसवला, अर्थिंग तपासून घेतलं.

वायरमन म्हणाला, "बाई, येवढी वायर कशाला? घरातल्या बोर्डवरून एक्स्टेन्शन टाकलं तरी चालून जाईल. लोक लय ठिकाणी तसंच करतात."

"लोक करतात. आणि चालून जातं. बरोबर?"

त्यानं बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वायर ओढायला लागला.

तेव्हापासून मला स्कूटर पुढच्या फाटकाशी सावलीत लावून, बॅटरी उचलून घराच्या बोळातून मागे न्यावी लागे. चार्जिंग सकाळीच, साडेसहाच्या पुढे. बाई समोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसत. मी एकदा म्हटलं, रात्री लावून ठेवली तर सकाळी आयती तयार मिळेल. त्या म्हणाल्या, "कॉल लावून ऑपरेटर झोपायला जात नसते."

मग माझा चार्जर बिघडला. मी घाईघाईत बाजारातून एक दुसराच घेऊन आले. पिन अगदी चपखल बसली. मी आनंदानं बाईंना दाखवायला गेले. त्यांनी चार्जर उलटासुलटा करून त्यावरचे आकडे भिंगातून वाचले, पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि माझ्या हातात परत ठेवला. "पिन बसली म्हणजे नंबर बरोबर लागला असं नसतं गं. आमच्याकडे कितीदा नाशिकचा माणूस नागपूरच्या सासूशी बोलायला जायचा आणि नांदेडच्या पोलीस ठाण्यात पोचायचा." कंपनीचा चार्जर मिळेपर्यंत मी चार दिवस रिक्षानं हिंडले. आईला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "तुनी मालकीण भलती कडक शे वं!" बाईंना अहिराणी फार आवडायची. त्यांनी ते वाक्य पाठ करून टाकलं आणि दूधवाल्यापासून सगळ्यांना ऐकवलं.

एवढ्या कडक बाईंशी मी खोटं बोलले.

झालं असं, की एका संध्याकाळी बोळातून बॅटरी नेताना माझा पाय घसरला. बॅटरी हातातून सुटून धुण्याच्या दगडाच्या कोपऱ्यावर आपटली. कवच एका बाजूनं आत दबलं, बारीकशी चीर पडली. मी धावत जाऊन ती पुसली, स्कूटरला लावून पाहिली, तर दिवे लागले. जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी पंचवटीत एका आजोबांना पहिल्यांदा काठीशिवाय चालवायचं ठरलं होतं. त्यांची सगळी नातवंडं बघायला येणार होती. बॅटरी दुरुस्तीला दिली असती तर आठ दिवस गेले असते.

बॅटरी परत मागे आणतेय तोच बाई मागच्या दारात आल्या. "काय पडलं गं?"

"बादली पडली."

"बादली पडली. बरोबर?"

तो क्षण मला अजून आठवतो. त्यांनी मला दुसरी संधी दिली होती, आणि मी म्हणाले, "बरोबर."

सकाळी साडेसहाला मी दबलेली बाजू भिंतीकडे करून बॅटरी चार्जिंगला लावली आणि वर चहा करायला गेले. पाऊण तास झाला असेल. खालून बाईंची हाक आली, "खाली ये. धावू नकोस, पण लगेच ये." आवाज अगदी शांत होता. अंगणात नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत होता. न्हाणीघरातून फट् फट् असा आवाज आला आणि झरोक्यातून पांढरा धूर लोटला. मी कोपऱ्यातली बादली उचलून आत धावणार, एवढ्यात बाईंनी माझी वेणी धरली. खरंच वेणी धरली, आणि जोरात मागे ओढलं.

"आत जायचं नाही. त्या धुरात श्वासही घ्यायचा नाही. बॅटरी गेली, तिला जाऊ दे."

मग त्यांनी मला पुढे नेलं, पुढच्या भिंतीवरचा मेन स्विच बंद केला, शेजारच्या घराला खिडक्या लावून बाहेर यायला सांगितलं आणि फाटकाबाहेर उभं राहून एकशे एक लावला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडणाऱ्या बाईंचा कामाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "स्कूटरची लिथियम बॅटरी पेटलीय. घरापासून सुटी खोली आहे. आत माणूस नाही. मेन बंद केलाय. पत्ता लिहून घ्या आणि मला परत वाचून दाखवा."

पलीकडच्यानं तो वाचून दाखवला तेव्हाच त्यांनी फोन ठेवला.

बंब आला. जवानांनी बराच वेळ पाणी मारलं, कारण विझली असं वाटायचं आणि पुन्हा धूर निघायचा. शेवटी त्यांनी ते काळं धूड लांब दांड्यानं ओढून अंगणाच्या मध्यभागी उघड्यावर ठेवलं आणि बजावलं, "आज दिवसभर कोणी जवळ जायचं नाही. परत पेटू शकते." दुपारी ती खरोखर पुन्हा धुमसली आणि त्यांना परत यावं लागलं. न्हाणीघराचा पत्रा वाकडा झाला होता, भिंती काळ्या पडल्या होत्या, शेजारचा कढीपत्ता करपला होता. घराला साधी काजळीही लागली नव्हती. वरच्या खोलीत मी जिथे टॉवेल टाकून ती चार्ज करायचे, ती जागा मला दिवसभर दिसत राहिली.

संध्याकाळी बाईंनी एकच प्रश्न विचारला. "काल बादली पडली नव्हती ना?"

"बॅटरी पडली होती. मी खोटं बोलले."

त्यांनी ते परत ऐकवलं नाही. आत गेल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या.

तीन दिवस मी खोली सोडायला सांगतील म्हणून वाट पाहिली. कंपनीची माणसं येऊन जळकी बॅटरी सुरक्षित पेटीतून घेऊन गेली. भंगारवाला मागत होता, पण बाईंनी त्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. न्हाणीघराला नवा पत्रा बसला. चौथ्या दिवशी मीच विचारलं, "बाई, खोली सोडू का?"

"खोटं बोलल्याबद्दल घर सोडायचं असेल तर मला आधी बाहेर पडावं लागेल," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. मी हसले. मला वाटलं, माझी समजूत घालताहेत.

त्यानंतर मी त्यांच्याकडे आणखी दोन वर्षं राहिले. नवी बॅटरी आली. पंचवटीतले आजोबा थोडे उशिरा, पण चालले. रोज सकाळी चार्जिंग चालू असताना मी बाईंच्या गुडघ्यांचे व्यायाम करून घ्यायचे. त्या मला मोजून दाखवायच्या आणि दोन-दोन आकडे गाळायच्या. कॉलनीत नवी इलेक्ट्रिक गाडी आली की माणसं आधी बाईंकडे विचारायला येत. कोणाचा प्लग जिन्याखाली होता, कोणाची गाडी गॅस सिलिंडरला टेकलेली. बाई प्रत्येकाच्या घरी जाऊन पाहून येत. लोक कुरकुरत आणि जागा बदलत.

शेवटी लेकीनं हट्ट धरला आणि बाईंचं पुण्याला जायचं ठरलं. जायच्या चार दिवस आधी त्या सकाळी नवं पातळ नेसून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "मला देवळाली कॅम्पला सोडशील? गांगुर्डे मिस्त्रींकडे. आमच्या बॅटरी रूमचे मेकॅनिक."

वाटेत, मागे बसून, त्यांनी मला सांगितलं. ऐन उन्हाळ्यात, एका दुपारच्या पाळीत त्यांचं डोकं फार दुखत होतं. बॅटरी रूमच्या पंख्याचा घरघराट विश्रांतीच्या खोलीत यायचा. त्याचं बटण बाहेर व्हरांड्यात होतं. बाईंनी ते दहा मिनिटांसाठी बंद केलं आणि चालू करायचं विसरल्या. गांगुर्डे आत गेले, ॲसिडच्या वाफेनं घुसमटून पडले, कपाळाला टाके पडले. चौकशीत ठपका त्यांच्यावरच आला, पंखा न लावता आत गेले म्हणून. "मला साहेबांनी विचारलं होतं, तुम्ही काही पाहिलं का. मी नाही म्हटलं."

गांगुर्डे मिस्त्री ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, कपाळावर फिकट व्रण. बाईंना पाहून धडपडत उठले. बाई बसल्याही नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मिस्त्री, त्या दिवशी पंखा मी बंद केला होता."

मी फाटकाशी स्कूटर धरून उभी होते. गांगुर्डे असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला.

"ठाऊक होतं मला! त्या पंख्याच्या आवाजाची तक्रार आख्ख्या बिल्डिंगमध्ये तुमच्याशिवाय कोण करायचं?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. लय दिवस राग पण होता. मग तुम्ही माझ्या पोरीच्या लग्नात दिवसभर राबलात. मी म्हटलं, बाई तोंडानं नाय बोलत, हातानं बोलतात. जाऊ द्या." मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, चहा टाक. एक्स्चेंजच्या बाई आल्यात!"

बाई ओट्यावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. चहा दोनदा झाला.

परत आलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दुपारी मला दोन घरं करायची होती आणि एवढ्या फेरीत चार्ज उतरला होता, म्हणून मी बॅटरी काढून मागे निघाले. बाई मागच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "लगेच लावू नकोस. उन्हातनं आलीय, तापली असेल. आधी गार होऊ दे." मग गुडघे चोळत म्हणाल्या, "मलाही जरा बसू दे."

मी बॅटरी सावलीत ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसले. त्या एक्स्चेंजच्या गोष्टी सांगत सुटल्या. गांगुर्ड्यांच्या नकला, साहेबांची टोपी, दिवाळीत अडकलेले कॉल. हसून हसून त्यांचा अंबाडा सुटला. मध्येच मी हात लावून पाहिलं. बॅटरी केव्हाच गार झाली होती. मी मात्र उठले नाही.