अण्णासाहेबांची दगडी कमळं

सेहेचाळीस सालच्या नागपंचमीला, सकाळी भाजीबाजार भरत असताना, सांगलीच्या आमच्या सभागृहाच्या कमानीवरचं दगडी कमळ खाली आलं. कमानीखाली वर्षानुवर्षं पाटी मांडणाऱ्या छबूबाईचा उजवा खांदा मोडला. लोक म्हणाले, दैव. दैव कसलं? सभागृह समितीचे तहहयात अध्यक्ष, अण्णासाहेब.

पाहुणा आला की चांदीच्या मुठीची काठी जोत्यावर ठोकून हे म्हणायचे, "पाषाण हाय, पाषाण. दगड कवा मरतो व्हय?" जोतं साताऱ्याकडच्या काळ्या फत्तराचं, ते खणखणायचंच. वरच्या नक्षीला काठी लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

नक्षीचा दगड निराळा. लाव्हा निवताना आत हवा कोंडली की दगड जाळीदार होतो. छिन्नीला मऊ आणि पाण्याला तहानलेला. काळ्या फत्तरात कमळं कोरायला वेळ लागला असता, आणि अण्णासाहेबांना ती बड्या साहेबाच्या भेटीआधी हवी होती. म्हणून मऊ दगड आला. पाणी मुरलं, क्षारांचा पांढरा लोणा फुटला, पाकळ्यांची भुकटी छबूबाईच्या मेथीवर पडू लागली. तिनं जाऊन सांगितलं. यांनी काय करावं? देवळांना फासतात तसा पिवळाजर्द तैलरंग कमळांना फासला. वरून तुकतुकीत, आत ओल कोंडलेली. शेवटी शेवटी रंगानंच दगड धरून ठेवला होता म्हणा ना.

कमळ पडल्यावर हे गृहस्थ तिच्या दारात गेले ते, ती तिथं बसलीच कशाला, हे विचारायला. खांदा आवळून बसलेली छबूबाई शांतपणे म्हणाली, "आवं अण्णासाहेब, दगड मरत न्हाई म्हनत हुतासा. मग ह्यो काय झोपंत कुशीवर वळला व्हय?"

उत्तर ठरावानं आलं: कमानीखाली भाजीवाल्यांना बंदी. उरलेली कमळं जागेवर, बाई रस्त्यावर. एका हातानं पाटी उचलून गावभर हिंडता येत नाही, हे समितीत कुणाला सुचलं नाही.

गेल्या महिन्यात अण्णासाहेब वारले. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचा रिवाज मला ठाऊक आहे. पण त्यांच्या स्मरणार्थ समिती त्याच कमळांना पुन्हा तोच रंग देणार आहे. मग गप्प कसं बसायचं?

वाचकहो, शनिवारी बाजाराच्या वेळी कमानीसमोर या. रंगाऱ्याची शिडी लागू देऊ नका. कमळं उतरवायला लावा. आणि छबूबाईची पाटी तिच्या जागेवर तुमच्या हातानं ठेवा.