आस्पारुहच्या फोटोंना शब्द

नदीकाठच्या लोम गावच्या शाळेत रुमेनाबाई आम्हाला भूगोल शिकवायच्या. पुढे मी त्यांची शेजारीण झाले. निवृत्तीनंतर बाईंनी गावच्या जुन्या बोटधक्क्याची वेबसाइट करायला घेतली.

फोटो सगळे आस्पारुहने काढलेले. व्हिदिनला जाणारी बोट सुटायच्या आधी तो धक्क्यावर लोकांना हसवून फोटो काढायचा. आता बोट बंद पडली. आस्पारुहची दृष्टी गेली आणि तो प्लोव्दिवला लेकीकडे राहायला गेला.

बाई मार्कडाउनमध्ये लिहायच्या, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून. चौकोनी कंसात शब्द, गोल कंसात पत्ता, की झाला दुवा. आधी उद्गारचिन्ह दिलं की चित्र, आणि चौकोनी कंसातले शब्द म्हणजे त्याचं वर्णन. महिरपी कंसात रुंदी घालून त्यांनी फोटो बेताचे केले, दुवे नव्या खिडकीत उघडतील असं केलं. चित्रांचे चौकोनी कंस मात्र रिकामे ठेवले. "फोटो दिसतोच की!" म्हणाल्या.

साइट झाली आणि आस्पारुहचा फोन आला.

"रुमेना, माझा फोन मला पान वाचून दाखवतो. फोटो आला की नुसतं 'चित्र, चित्र'! यापेक्षा पोपट बरा."

"मग काय म्हणायला हवं त्याने?"

"कोण उभं आहे ते सांग ना गं! कुठला फोटो कुठे लावलायस, मला काय ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी मी भाजलेल्या मिरच्या सोलायला त्यांच्याकडे गेले, तर त्या फोटो न्याहाळत होत्या.

"हिच्या हातात काय आहे गं? टोपली?"

"पिंजरा, बाई. आत बदक आहे."

एका फोटोला त्यांनी आधी लिहिलं, 'धक्क्यावरचे प्रवासी'. मग ते पुसलं आणि लिहिलं: 'कलिंगड कवेत घेऊन हसणारा तिकीटमास्तर. मागे एक तरुणी रुमाल हलवायचं सोडून कलिंगडाकडेच बघतेय.'

संध्याकाळी पुन्हा फोन.

"कलिंगडाकडे नाही गं, माझ्याकडे बघतेय! ती माझी बायको, ऑग्न्याना. तेव्हा आमची ओळखही नव्हती." मग म्हणाला, "परत वाच. यंत्र नको, तूच वाच."

बाईंनी वाचलं. ऑग्न्याना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्यांनी ते वाक्य तेव्हाच दुरुस्त केलं. या उन्हाळ्यात लेक त्याला इकडे आणणार आहे. बाईंनी वर्णनाविना उरलेले फोटो त्याच्यासाठी राखून ठेवलेत. म्हणतात, "काय दिसतं ते मी सांगेन, नावं त्याने सांगावीत."