भावजींची अमेरिका

अख्ख्या अमेरिकेला मिळून जेवढी अमेरिका ठाऊक नसेल, तेवढी आमच्या थोरल्या भावजींना एकट्याला ठाऊक आहे. आणि ही सगळी अमेरिका त्यांनी कोल्हारमधल्या आपल्या ओसरीवर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मिळवलेली आहे. भावजी म्हणजे माझ्या यजमानांचे मोठे भाऊ. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झाले. पाठ्यपुस्तकात अमेरिकेला जेमतेम एक धडा असायचा, पण भावजी जूनमध्ये त्या धड्याला हात घालत आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सोडत नसत. बाकीचा इतिहास मग मार्चमध्ये दोन तासिकांत उरकायचा. त्यांचे विद्यार्थी बोर्डाच्या परीक्षेत आपटले ते आपटले, पण गुलामगिरी कितव्या घटनादुरुस्तीने गेली हे आमच्या स्टँडवरच्या वडापाववाल्याला आजही झोपेतून उठवून विचारा, तेरावी म्हणून सांगेल. या ज्ञानाचा त्याला वडे तळताना काय उपयोग होतो ते त्यालाच माहीत.

हे वेड घरात शिरलं ते माझ्या सासऱ्यांच्या हातून. ते मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. तिथली म्हातारी मडम कायमची मायदेशी निघाली तेव्हा तिने त्यांना दोन मोठ्या पत्र्याच्या ट्रंका दिल्या. घरात सगळ्यांना वाटलं, आत चादरी असतील, काचेची भांडी असतील. उघडून बघतात तर नुसती पुस्तकं. त्यातली निम्मी धर्माची, निम्मी अमेरिकेच्या इतिहासाची. धर्माची पाळकसाहेबांनी नेली, इतिहासाची भावजींच्या वाट्याला आली. "ट्रंका लई चांगल्या हुत्या," सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, "आतला माल तेवढा वाया गेला." मी या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला कळला नव्हता. आठ दिवसांत कळला.

भावजी अमेरिकेच्या पुढाऱ्यांची नावं सहसा घेत नाहीत. घरच्या वडीलधाऱ्यांची नावं कुठे घेतो आपण, असं त्यांचं म्हणणं. एकाच घराण्यातले दोघं तिथे अध्यक्ष होऊन गेले, त्यांना ते थोरले साहेब आणि धाकटे साहेब म्हणतात. थोरल्या साहेबांनी बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली, छातीत गोळी असताना तासाभराहून जास्त भाषण ठोकलं आणि मगच दवाखान्यात गेले. धाकटे साहेब लांबच्या नात्यातले. पायांनी अधू झाले तरी चार वेळा निवडून आले, मंदीत बुडालेल्या देशाला रेडिओवरून धीर देत राहिले. आता आमच्या जिल्ह्यात थोरले साहेब, धाकटे साहेब म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर दुसरंच काहीतरी उभं राहतं. एका लग्नात काष्टीच्या एका बागायतदाराने भावजींचं हे सगळं पाऊण तास मान डोलावत ऐकलं आणि शेवटी विचारलं, "मंग आता कारखाना कुनाकडं हाय, थोरल्यांकडं का धाकट्यांकडं?" भावजींना राग आला नाही. त्यांनी पाणी मागवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नवरा-नवरी पाया पडायला आली तेव्हा मंदी ऐन भरात होती.

स्वतःच्या आयुष्याचेही त्यांनी अमेरिकेच्या चालीवर कालखंड पाडलेले आहेत. लग्नाआधीचा तो यादवीचा काळ, घर बांधलं तो पुनर्रचनेचा, सहावा वेतन आयोग लागला तो सोनेरी मुलाम्याचा. मोबाईल ते बाळगत नाहीत, कारण एका अध्यक्षाची खुर्ची टेपरेकॉर्डरने घालवली आणि बोलणं साठवणाऱ्या यंत्राचा भरवसा धरू नये असं त्यांचं मत आहे. भावजींचं बोलणं साठवून ठेवावं असं कोणाला वाटेल, हा प्रश्न मी एकदा विचारला होता.  मोबाईल नसल्यामुळे त्यांचे सगळे फोन माझ्याकडे येतात, आणि शेजारच्या घरातून त्यांना हाक मारायचं काम माझ्याकडे आहे.

इतिहास नुसता वाचायचा नसतो, जगायचा असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. तो जगायला ते एकदा एसटीत बसले. नगरला चालले होते. गाडी खच्चून भरलेली, आणि भावजी बसलेले बायकांच्या राखीव सीटवर. राहुरीला एक लेकुरवाळी चढली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ही शीट लेडीजची हाय. उठा बरं." भावजींनी चष्मा पुसला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की अमेरिकेत शिवणकाम करणाऱ्या एका काळ्या बाईने बसमध्ये सीटवरून उठायला नकार दिला, त्यावरून शहरातल्या सगळ्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आणि शेवटी कायदा बदलला. कंडक्टरने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ती बाई हुती ना? मंग तिला बसूच दिलं आसतं मी. तुमी उठा." भावजी नगरपर्यंत दांडीला लोंबकळत गेले. घरी येऊन म्हणाले, "बाई, चळवळीला अजून वेळ आहे." मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, म्हणून ते मला बाई म्हणतात.

पण माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे, आणि तो मी लपवणार नाही. अमेरिकेतल्या बायकांनी मताच्या हक्कासाठी सत्तर वर्षांवर झगडा केला, पहिल्या फळीतल्या बहुतेक जणी मत न देताच म्हाताऱ्या होऊन गेल्या, हे सांगताना भावजी डोळ्यांना रुमाल लावतात. मी पाहिलंय. त्या वेळी आमच्या अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांच्यासमोर चहाचा कप धरून उभ्या असतात आणि चहावर साय धरते, तरी भावजींचा हात कपाकडे जात नाही. ग्रामपंचायतीला मत कुणाला द्यायचं हे मात्र अक्कांना आदल्या दिवशी सांगितलं जातं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अक्का ते ऐकून घेतात आणि आत जाऊन कोणाला मत देतात ते मला ठाऊक आहे, पण ते मी इथे सांगणार नाही.

भावजी-अक्कांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन गेली ती नेमकी अमेरिकेत. तिला दिवस गेले आणि तिने आईवडिलांना बाळंतपणाला बोलावलं. अक्कांनी त्या दिवसापासून आळीव निवडायला घेतले. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला दोघांना जायचं होतं. पोरीने फोनवरून भावजींना दहादा बजावलं, "बाबा, विचारतील तेवढंच बोला. लेकीकडं चाललोय, नातवंड बघून परत येणार, एवढंच." भावजी हो हो म्हणाले. मीही बजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मुलाखत झाली त्या दिवशी भावजी गावात परतले ते छाती काढून. "साहेब थक्क झाला," म्हणाले. "टाईप करायचं थांबवून माझ्याकडे बघत राहिला. आणि काय तत्परता बाई, पासपोर्ट तिथल्या तिथे हातात परत दिले. आपल्याकडे महिना लागला असता." सोबत एक छापील चिठ्ठी होती, ती त्यांनी वाचलेली नव्हती. अक्का आत गेल्या. पासपोर्ट हातात परत मिळणं म्हणजे व्हिसा नाकारणं, हे रांगेतल्या बायकांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मग हळूहळू कळलं ते असं. त्या तरुण साहेबाने विचारलं, अमेरिकेत कशासाठी जायचंय. भावजी म्हणाले, इतिहासाच्या अभ्यासासाठी. कुठे कुठे जाणार? तेव्हा भावजींनी या माणसाला अगदी मनातली गोष्ट सांगितली, की तुमच्या चार अध्यक्षांना जिथे जिथे गोळ्या घातल्या गेल्या, त्या चारही जागा मला एकदा डोळ्यांनी बघायच्या आहेत. साहेबाने टाईप करायचं थांबवलं ते इथे. त्याने विचारलं, का? भावजी म्हणाले, फार वर्षांची इच्छा आहे. आणि त्याचा गैरसमज होऊ नये म्हणून पुढे खुलासा केला की चौघांपैकी एक जण तसा गोळीने गेलेला नाही, डॉक्टरांनी न धुतलेले हात जखमेत घातले म्हणून गेला. मग साहेबाने अक्कांकडे बघून विचारलं, आणि तुम्ही? अक्कांनी तोंड उघडलं. तेवढ्यात भावजी म्हणाले, "ही माझ्याबरोबर आहे."

बाळंतपण अक्कांशिवाय झालं. तिकडे शेजारच्या एका आंध्राकडच्या बाईने पोरीला चार दिवस गरम भात घातला, तेवढंच माहेर. इकडे केलेले डिंकाचे आणि आळिवाचे लाडू दोन डबे भरून पडले होते. ते भावजींनी खाल्ले. रोज सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि अक्का स्वतःच्या हाताने बशीत काढून द्यायच्या. दीड महिन्यात भावजींच्या अंगावर बाळंतिणीसारखं तेज आलं. त्या दिवसांत मी त्यांच्याशी बोलत नव्हते. गंमत म्हणजे तेही अमेरिकेवर बोलत नव्हते. वडापाववाला मला येऊन विचारून गेला, "सर आजारी हायेत का?"

अक्कांनी पुढे पुन्हा अर्ज केला, या वेळी एकटीचा. मी सोबत मुंबईला गेले, बाहेर थांबले. त्या आत गेल्या, खिडकीशी फार तर दोन मिनिटं लागली असतील, आणि पासपोर्ट आत ठेवून मोकळ्या हातांनी बाहेर आल्या. "काय विचारलं?" मी म्हटलं. "कशाला जायचं म्हनला. मी सांगितलं, लेकीची लेक बघायची हाय. परत याल का म्हनला. म्हनलं, यावंच लागंल, घरी म्हातारा एकटा हाय. त्याला चहा करता येत न्हाई." अक्कांनी हे मराठीतच सांगितलं होतं, आणि तिथल्या दुभाष्या बाईने ते हसत हसत इंग्रजीत केलं होतं.

अक्का पोचल्या तेव्हा नात बसायला लागली होती. गेल्या महिन्यात पोरीने त्यांना राजधानीला नेलं. तिकडे सकाळ, आमच्याकडे दिवेलागणीची वेळ. माझा मोबाईल वाजला, मी भिंतीवरून भावजींना हाक मारली. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र खांबांची ती मोठी इमारत, आत खुर्चीत बसलेला दगडाचा अध्यक्ष, पायऱ्यांवर माणसंच माणसं. अक्का धापा टाकत म्हणाल्या, "बघा. तुमच्या त्या काळ्या पाळकबाबांचं भाषन हितंच झालं हुतं ना, सगळे काळे-गोरे जमले हुते तवा? ती पायरी पन हाय, वर लिवलंय." मी मनात म्हटलं, झालं, आता रात्रीचा स्वयंपाक राहिला. नमनालाच घडाभर तेल जाणार.

भावजींनी मोबाईल चष्म्याला टेकेल इतका जवळ घेतला. म्हणाले, "ते राहू दे. तिला दाखव."

पोरीने कॅमेरा वळवला. टोपडं बांधलेली नात मुठीतलं बिस्किट चघळत होती. भावजी बघत राहिले.  मग तिकडची रेंज गेली आणि पडदा काळा झाला, तरी मोबाईल काही वेळ त्यांच्या हातातच होता.

"बाई," ते म्हणाले, "मला त्या दिवशी तेच म्हणायचं होतं. नातवंड बघायला चाललोय म्हणून. गाडीत पाठ करत गेलो होतो. पण तो साहेब समोर आला आणि लाज वाटली. एवढी वर्षं वाचलं, आणि त्याच्यापुढं आपण साधा म्हातारा म्हणून उभं राहायचं? म्हटलं, याला कळू दे, आपण कोण आहोत." मग मोबाईल माझ्याकडे देत म्हणाले, "ती तिथं एकटी बाळंत झाली, ते माझ्यामुळं."

मी इतके दिवस टोमण्यांची जुळवाजुळव करून ठेवली होती. ते सगळे मी बाजूला सारले. मी म्हटलं, "पुन्हा अर्ज करू की. तेच विचारतील. उठा, आता मी साहेब होते."

भावजी खरंच उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखे ताठ उभे राहिले. मी आवाज जाड करून विचारलं, "कशाला जायचंय अमेरिकेला?"

"नातीला," ते म्हणाले, आणि थांबले. ओठ हलत होते. ज्या माणसाचं वाक्य गेली चाळीस वर्षं या गावात कोणी मध्येच तोडू शकलं नाही, त्याला पुढचे दोन शब्द काढता येईनात. मी घाई केली नाही. साहेब होऊन तशीच बसून राहिले.